पाच पेरांची मिशी

मी क्षमाशील माणूस नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढे कुणी म्हणायचं, एवढ्या जुन्या गोष्टीचं इतकं काय. डिंकताईही क्षमाशील नव्हती. एकाच खोलीत समोरासमोरच्या टेबलांवर आमची सत्तावीस वर्षं निघाली, ती बहुधा त्यामुळेच.

खोली म्हणजे संग्रहालयाच्या तिसऱ्या मजल्यावरचा कीटक विभाग. भिंतीला लाकडी कपाटं, कपाटांत सपाट खण, खणांत टाचण्यांवर किडे. डांबरगोळ्यांचा वास आमच्या अंगात इतका मुरला होता की माझी बायको म्हणायची, तुमच्या कपड्यांना कसर लागायची काय बिशाद. माझ्याकडे माश्या होत्या. नोकरीत काय करता असं कुणी विचारलं की मी सांगायचो, माश्या मारतो, आणि त्यात एक अक्षर खोटं नसायचं. डिंकताईकडे ढेकूण होते.

ढेकूण म्हटलं की लोक अंग खाजवायला लागतात. पण हे गादीतले नव्हेत. हे झाडाखाली पडलेल्या बियांवर जगणारे, सोंड खुपसून आतला गर शोषणारे. तांदळाच्या दाण्याएवढा जीव, रंग मातीचा. पूर्वी या सगळ्यांचं एकच मोठं एकत्र कुटुंब मानत. मग जाणकारांनी त्यांच्या पोटावरचे केस पाहिले, श्वासाची छिद्रं पोटाच्या बाजूला आहेत की पाठीच्या बाजूला ते पाहिलं, आणि वाटण्या झाल्या. एका कुळाची दहा-बारा कुळं झाली, चुली वेगळ्या झाल्या. पण कुणी कितीही भांडून वेगळं निघालं तरी एक गोष्ट सगळ्यांत सारखी राहिली. मिशीला पेरं चार. पाच पेरांची मिशी असते ती दुसऱ्याच घराण्यात, ढालीसारख्या पाठीच्या त्या वास मारणाऱ्या ढेकणांत. हे आमच्याकडे केर काढणाऱ्या बाईलाही ऐकून ऐकून पाठ झालं होतं. तुम्हीही लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्या एका जादा पेरापायी झालं.

एवढासा किडा टाचणीवर थेट टोचता येत नाही, फुटतो. म्हणून टाचणीला कागदाचा छोटा त्रिकोण लावायचा, त्याचं टोक चिमट्याने किंचित वाकवायचं, टोकावर डिंकाचा कण ठेवायचा आणि त्यावर किड्याची कूस टेकवायची. डिंक जास्त झाला तर पोटावरचे केस बुडतात, कमी झाला तर किडा गळून पडतो. डिंकताई डिंक स्वतः भिजवायची, फडक्यातून दोनदा गाळायची आणि झाकणाच्या बाटलीत ठेवायची. त्या बाटलीला हात लावण्याची माझीही टाप नव्हती. तिचा डिंक कोमट पाण्याच्या एका थेंबाने सुटायचा. "चुकलेलं सोडवता आलं पाहिजे," ती म्हणायची. "कायमचं चिकटवतो तो सुतार."

किड्याखाली त्याच टाचणीवर चिठ्ठी. नखाएवढ्या कागदावर कुठे सापडला, कधी, कशावर आणि कुणी वेचला. चिठ्ठी नसलेला किडा म्हणजे केराचा कण. आणि एक नियम आमच्यात दगडावरची रेघ होता. टाचणीवरची चिठ्ठी कधी काढायची नाही, चुकीची असली तरी नाही. चूक असेल तर खाली दुसरी जोडायची.

डिंकताईचा धाकटा भाऊ आमच्याकडेच रोजंदारीवर किडे वेचायचा. तिच्याहून नऊ वर्षांनी लहान. खांद्याला कायम चाळण अडकवलेली, म्हणून सगळे त्याला चाळण्या म्हणत. झाडाखालचा पालापाचोळा चाळणीत घालून पांढऱ्या कापडावर झाडायचा आणि कापडावर जे पळेल ते चिमट्याने उचलायचा. पोरगा शिट्टी वाजवत जिना चढायचा आणि आल्या आल्या माझ्या टेबलावर एखादी माशी ठेवायचा. "घ्या, तुमच्या नात्यातली दिसते." बहिणीला चिडवायची मात्र हिंमत नव्हती. वडील गेल्यापासून तिनेच त्याला वाढवलं होतं, दोन खोल्यांच्या घरात आईबरोबर.

एकदा त्याने जंगली अंजिराच्या झाडाखालून एक बी-ढेकूण आणला. एकच. चिठ्ठी त्याने स्वतःच्या हाताने लिहिली, गिचमिड अक्षरात. अंजिराखाली, पाला चाळून. खाली तारीख, आणि त्याचं पूर्ण नाव आडनावासकट. डिंकताईने किडा चिकटवला आणि अक्षराबद्दल त्याला दोन शब्द सुनावले.

त्याच महिन्यात साहेबांनी त्याला पाणथळ भागात पाठवलं. साहेब म्हणजे आमचे विभागप्रमुख. पाठीमागे आम्ही त्यांना नागोबा म्हणायचो, दुसऱ्याने पोखरलेल्या आयत्या बिळात जाऊन बसायची त्यांना सवय होती म्हणून. चाळण्या दारात उभा राहून म्हणाला, "साहेब, दोन दिवस थांबून जातो. अंगात ताप आहे."

साहेबांनी वर पाहिलं नाही. "चालायला लागलास की घाम येऊन उतरेल."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. पाचव्या दिवशी तिकडच्या दवाखान्यातून फोन आला. बावीस वर्षांचा होता. साहेब डिंकताईच्या घरी गेले नाहीत. शिपायाबरोबर दोन ओळींचं सांत्वनाचं पत्र पाठवलं, आणि त्यात पोराचं नाव चुकीचं होतं. त्याच्या आईने ते पत्र वाचलं, घडी घातली आणि पुन्हा उघडून वाचलं. नाव चुकलंय हे तिने मोठ्याने म्हटलं नाही. आम्ही कुणीच म्हटलं नाही.

चार महिन्यांनी साहेब तो अंजिराखालचा किडा हातात घेऊन डिंकताईच्या टेबलाशी आले. त्या वेचणीचा अहवाल त्यांनी आपण स्वतः रानात हिंडल्यासारखा लिहून वर पाठवला होता, आता चिठ्ठी आड येत होती.

"बाई, ही चिठ्ठी बदलायची. वेचणारा म्हणून माझं नाव घाला."

"आणलाय त्यानं, साहेब."

"मोहीम माझी होती. चाळण हलवणाऱ्याचं नाव कुणी लिहीत नाही. तुमचं अक्षर बारीक आहे, तुम्हीच लिहा."

"चिठ्ठी काढत नसतात, साहेब."

यावर त्यांनी ती स्वतःच ओढली. कागद घट्ट बसलेला, टाचणी वाकली आणि हिसक्यासरशी सुटली. किडा त्रिकोणावरून उडून टेबलावर तोंडावर आपटला. दोन्ही मिश्या बुडापासून मोडल्या. साहेबांनी चिठ्ठी चुरगळून टोपलीत टाकली. "चिकटवा," एवढंच म्हणाले आणि बैठकीला गेले.

डिंकताईने आधी टोपलीतून चिठ्ठी काढली आणि अंगठ्याने सपाट केली. मग चिमट्याने दोन्ही खऱ्या मिश्या उचलल्या, चिठ्ठीबरोबर औषधाच्या रिकाम्या कॅप्सूलमध्ये ठेवल्या आणि कॅप्सूल चष्म्याच्या घरात. मग साहेबांच्या नावाची नवी चिठ्ठी लिहिली. भावाने वेचलेल्या किड्यावर, भावाला मारणाऱ्याचं नाव, स्वतःच्या सुंदर अक्षरात. एक रेघ वाकडी गेली नाही.

मग तिने मोडक्यांची डबी उघडली. तुटलेले पाय, पंख, मिश्या आम्ही त्या डबीत टाकायचो. तिने शोधून एका वास मारणाऱ्या ढेकणाच्या दोन मिश्या काढल्या आणि त्या किड्याच्या डोक्याला लावल्या.

मी भिंगातून पाहिलं. "डिंकताई, ही पाच पेरांची आहे."

"दिसतंय मला."

"साहेब ओरडतील."

"ओरडू देत. ओरडण्यापुरतं तरी त्याच्याकडे नीट बघतील."

एवढंच तिच्या मनात होतं, शपथेवर सांगतो. त्यांनी भिंगाला डोळा लावावा, चूक दिसावी, तिला बोलवावं आणि मग तिने सगळ्यांसमोर टोपलीतल्या चिठ्ठीचं नाव काढावं. तिसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीतून ओरडणं ऐकू आलंच. पण ते आनंदाचं होतं. बी-ढेकूण, आणि मिशी पाच पेरांची. जगात कुणी पाहिला नव्हता असा प्राणी. मिश्या मोडल्या होत्या हे त्यांच्या लक्षातच नव्हतं. आपल्या हातून काही मोडलं की त्यांची नजर नेहमीच दुसरीकडे जायची. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. साहेबांनी वर्षभरात नुसती नवी जात नाही, त्या एका किड्यासाठी नवं कुळ उभं केलं. बी-ढेकणांच्या वाटण्यांत आणखी एक चूल, आणि त्या चुलीचे मालक साहेब.

मी घाबरलो. म्हटलं, आता तरी सांगून टाका.

"नाही," डिंकताई म्हणाली. "अजून खालच्याच पायरीवर आहेत. चढू देत."

आणि साहेब चढले. किडा तळमजल्यावरच्या दालनात काचेखाली गेला. शेजारी मोठं चित्र, चित्रात पाच बाण, एकेका पेरावर एकेक. परिषदा झाल्या, मानपत्रं आली, साहेब संग्रहालयाचे संचालक झाले आणि निवृत्त झाल्यावरही पाहुणे म्हणून मिरवत राहिले. बाहेरच्या कुणी किडा तपासायला मागितला की उत्तर ठरलेलं होतं. एकच नमुना आहे, नाजूक आहे, हलवता येणार नाही, फोटो पाठवतो.

दर रविवारी डिंकताई आईला घेऊन त्या दालनात यायची. म्हातारीला काचेतून तपकिरी ठिपक्यापलीकडे काही दिसायचं नाही. ती काचेला नाक लावून विचारायची, "त्याचं नाव आहे ना गं खाली?"

"आहे, आई."

एकवीस वर्षं, दर रविवारी. आहे, आई. डिंकताईच्या पोटातली आग का विझली नाही असं मला विचारलंत तर मी सांगेन, ती या दोन शब्दांवर जळत होती. एकदा मी शहाणपणा करून म्हटलं, सोडून द्या आता, देव बघून घेईल. ती महिनाभर माझ्याशी बोलली नाही. नंतर म्हणाली, "देवाला इतकं बारीक दिसत नाही, माशीवाले. भिंग लागतं."

मग दोन वर्षांपूर्वी परदेशातून एक बाई आली. बी-ढेकणांची कुळं लावण्यात जन्म घालवलेली. नव्या विभागप्रमुखाने तिला किडा काचेतून काढून हातात दिला. आमच्याच खोलीत बसून तिने दहा मिनिटं भिंगातून पाहिलं. मग खुर्ची मागे सरकवली.

"डिंक कुणी लावलाय?"

"मी," डिंकताई म्हणाली.

"मिशीच्या बुडाशीही आहे."

"तिथेही मीच. कोमट पाण्याचा थेंब, पंधरा मिनिटं, सुटेल. पण साहेबांना बोलवा. त्यांच्यासमोर सोडवीन."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता साहेब आले, कोट घालून. परदेशी बाई भेटायला बोलावते म्हणजे आणखी एक मानपत्र असणार, असं त्यांना वाटलं असावं. मी खुर्ची पुढे केली. इतक्या आदराने मी उभ्या जन्मात कुणाला खुर्ची दिली नसेल.

डिंकताईने सुईच्या टोकाने थेंब ठेवला. आम्ही चौघं थेंबाकडे बघत बसलो. साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं, एकदा विचारलं, "साफसफाई चाललीय का?" चौदाव्या मिनिटाला एक मिशी थेंबात तरंगली, मागोमाग दुसरी. साहेब अर्धे उठले. डिंकताईने चष्म्याचं घर उघडलं, कॅप्सूल काढली आणि जुन्या दोन मिश्या किड्याच्या डोक्यापाशी मांडल्या. तुटीला तूट जुळली.

बाईने पाहिलं. "चार पेरं." मग किडा फिरवून पोट पाहिलं, केस पाहिले. "ही तर जुनी जात आहे. शंभर वर्षांपूर्वी नाव मिळालेली. अंजिराखाली शेकड्यांनी असते." आणि साहेबांकडे वळून, आवाज न चढवता म्हणाली, "असं कुळ नाहीच."

साहेबांचा चेहरा मी डोळे भरून पाहिला. मला आनंद झाला, लपवत नाही. पण लगेच डिंकताईची धास्ती वाटली. साहेबांबरोबर तिच्या भावाचा किडाही खाली आला होता. जगात एकमेव असलेला आता शेकड्यांतला एक झाला होता. मी तसं हळूच म्हटलं.

"त्याने कुठे म्हटलं होतं नवा आहे?" ती म्हणाली. "अंजिराखाली सापडला, एवढंच लिहिलं होतं. ते तेव्हाही खरं होतं."

साहेबांना कंठ फुटला. "बाई, तुम्ही माझ्याशी असं का केलंत?"

"माझ्या भावाची चिठ्ठी तुम्ही टोपलीत टाकलीत म्हणून."

"कोण भाऊ?"

"चाळण्या. तापात पाठवलात तो."

"कोण चाळण्या?" साहेब माझ्याकडे बघायला लागले, मी काही मदत करीन म्हणून. ते नाटक करत नव्हते. नाटक केलं असतं तर बरं झालं असतं. त्यांना खरोखरच आठवत नव्हतं. डिंकताईने या दिवसाची एकवीस वर्षं वाट पाहिली होती.

तिने चिमटा खाली ठेवला. "आठवत नसेल तर लिहून ठेवू," म्हणाली, आणि टाक घेऊन बसली. चिठ्ठी काढायची नाही हा नियम बाईलाही मान्य होता, फक्त क्रम बदलायला हरकत नव्हती. डिंकताईने भावाची गिचमिड चिठ्ठी वर सरकवली, तिच्याखाली साहेबांची. आणि तिसरी नवी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. वरची खरी. मधली खोटी, विभागप्रमुखांच्या सांगण्यावरून लिहिली मी. परक्या मिश्या लावल्या मी. खाली स्वतःचं पूर्ण नाव. तीन कागद चढले तरी किडा हललासुद्धा नाही. साहेब कधी उठून गेले ते आमच्या लक्षात आलं नाही.

मग बाई म्हणाली, "ताई, आता तुम्ही चिकटवलेला प्रत्येक किडा तपासावा लागेल."

हे मात्र डिंकताईच्या हिशोबात नव्हतं. एका किड्यात लबाडी केली तर बाकीच्यांवर विश्वास कुणी ठेवायचा? तिची डिंकाची बाटली कपाटात बंद झाली आणि तिला तळमजल्यावर तिकिटं फाडायला बसवलं. तपासणी माझ्या गळ्यात पडली. चौदा हजार तीनशे किडे. एकेकाची मिशी, एकेकाचा पाय, सांधा पाहायचा. सव्वा वर्ष लागलं. रोज संध्याकाळी जिन्याखाली ती विचारायची, "सापडलं काही?"

"नाही."

"सापडणार नाही."

आणि नाहीच सापडलं. चौदा हजार तीनशेंत एका किड्याचा एक केससुद्धा परका नव्हता. तसा अहवाल मी सही करून दिला. तरी तिचं टेबल तिला परत मिळालं नाही. साहेबांचं कुळ पुस्तकांतून गेलं. आता ते रद्द नावांच्या यादीत सापडतं, तेही शोधलं तर.

दालनातला काचेचा खोका रिकामा झाला तसे आईचे रविवार बंद पडले. "किडा दुरुस्तीला गेलाय," डिंकताई सांगायची. शेवटी एका रविवारी मीच म्हटलं, घेऊन या त्यांना वर. अठ्ठ्याहत्तर वर्षांची म्हातारी तीन मजले चढून आली, दर मजल्याला बसत. मी खण काढला आणि टाचणी मोठ्या भिंगाखाली ठेवली.

तिने डोळा लावला. कितीतरी वेळ ओठ हलत होते. आधी मुलाची चिठ्ठी वाचली, मग दुसरी, मग तिसरी. डिंकताई भिंतीला टेकून उभी होती, फटके खायला उभं राहावं तशी.

"म्हणजे इतकी वर्षं नाव नव्हतं," म्हातारी म्हणाली.

"नव्हतं, आई."

"आणि तू दर रविवारी आहे म्हणायचीस."

"हो."

म्हातारी भिंगावर वाकली. पुन्हा भिंगात पाहिलं. "हा मधला. पत्रात नाव चुकवणारा तोच ना?"

मी चपापलो. एवढ्या वर्षांत तिने त्या पत्राचा शब्द काढला नव्हता.

"तोच," डिंकताई म्हणाली. "त्याला आठवतसुद्धा नाही, आई. कोण भाऊ म्हणाला."

"जिवंत आहे?"

"आहे."

म्हातारीने भिंगावरून डोळा काढला, पदराने पुसला आणि माझ्या खुर्चीत नीट सरसावून बसली.

"बोलवा त्याला," म्हणाली. "मी इथेच बसते. वरच्या चिठ्ठीवरचं नाव त्याला मोठ्याने वाचायला सांगा. नीट म्हणता येईपर्यंत जाऊ द्यायचं नाही."

डिंकताईने माझ्याकडे पाहिलं. मी फोन उचलला.